नोंद नऊ : सीमेचा दगड

नोंद ९
काय आहे : चुनखडीचा दगड, लांबी पावणेचार फूट. एका अंगाला आडवी रेघ कोरलेली. १८३७ च्या सुमाराच्या नकाशात इथेच कुठेतरी ‘सीमेचा दगड’ अशी अक्षरं.
कुठे आहे : गेराटींच्या शेताचा खालचा कोपरा, फाटकाजवळ. आडवा पडलेला.
कधी पाहिला : १८ सप्टेंबर.
कोणी पाहिला : कौमुदी.
शेरा : गाई त्याला अंग घासतात.

हे सगळं कौमुदीने स्वतः लिहिलं होतं. फोनवर अक्षांश-रेखांश घेतले होते, चारी बाजूंनी फोटो काढले होते. आणि आता, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता, पुस्तिकेसाठी चांगल्या उजेडातला एक फोटो हवा म्हणून ती बूट चढवून निघाली, तर फाटकाजवळ नुसता पिवळा, दगडाच्या आकाराचा गवताचा चट्टा. दगड नाही.

पावणेचार फुटांचा दगड कोण नेणार? तिने शेत पालथं घातलं. शेवटी परत येताना स्वतःच्याच परसामागच्या कुंपणाशी तो दिसला. उभा. ताठ. कोरलेली रेघ बरोबर तिच्या घराकडे वळवलेली.

तिने फोनवर मोजलं. जुन्या जागेपासून एकेचाळीस मीटर. तिच्या नव्या खोलीच्या पायापासून सहा.

नवी खोली अजून कागदावरच होती. त्यातच सगळी गोम होती.

*

क्लॉनब्रॅनी हे आयर्लंडमधल्या मलिंगारपासून वीस मिनिटांवरचं गाव. एक चर्च, एक पब, एक पूल, आणि आजूबाजूला इतिहास, म्हणजे दगड. पाचशे वर्षांपूर्वी इथे इंग्रजांचा कायदा संपायचा आणि आयरिश सरदारांचा सुरू व्हायचा. कुठे संपायचा यावरून डोकी फुटायची. पुढे १५४३ साली मीथ जिल्ह्याचा हा पश्चिमेचा भाग तोडून वेगळा काढला, पण वाद काही तुटले नाहीत. गावच्या वारसा मंडळाने अशा चौदा जागांची पुस्तिका काढायची ठरवली. मंडळाच्या अध्यक्ष मॉरीन डॅल्टन, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कौमुदी नकाशांचं सॉफ्टवेअर लिहिते हे कळल्याबरोबर त्यांनी मोजणीचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं.

कौमुदी आणि तिचा नवरा देवदत्त गेल्या वर्षी इथे राहायला आले. त्याआधी नऊ वर्षं भाड्याची घरं. तीनदा घरमालकाने ‘विकायचंय’ म्हणून उठवलं. मग हा बंगला मिळाला. दोन खोल्या, बैठकीची खोली, अर्धा एकर जागा, बहुतेक सगळी पुढे.

कौमुदीची आई गेली आणि अकोल्याच्या घरात बाबा एकटे उरले. पद्माकरराव. वय बहात्तर. नव्वद दिवसांच्या व्हिसावर यायचे, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायचे, पहाटे पाचला उठून आवाज होऊ नये म्हणून सातपर्यंत तसेच पडून राहायचे. कौमुदीला ते माहीत होतं. तिला झोप लागायची नाही. त्यांना कायमचं इथे आणायचं तर सरकारला अर्ज करायचा, आणि त्या अर्जात दाखवायचं की वडिलांना राहायला स्वतंत्र जागा आहे. म्हणून मागच्या बाजूला एक खोली, तिलाच जोडून न्हाणीघर. नकाशा तयार झाला, अर्ज गेला, घराच्या फाटकावर नोटीस लागली. पाच आठवड्यांत कुणालाही हरकत घेता येते. त्यातले दोन उरले होते.

आणि नोंदलेल्या स्मारकाच्या आसपास खणायचं असेल, तर आधी पुरातत्त्वाचा अहवाल. अहवाल आला की खोली सरकणार. सरकायला मागे जागाच नव्हती.

तिने स्वतः काढलेला सप्टेंबरचा नकाशा अर्जाला जोडला होता: नव्या खोलीपासून जवळात जवळचं स्मारक सत्तेचाळीस मीटरवर.

*

देवदत्त ॲथलोनच्या एका कारखान्यात हृदयाच्या झडपा तपासतो. तिथे काही चुकलं की कागद घेऊन पाच वेळा ‘का’ विचारायचं अशी शिस्त. त्याने जेवणाच्या टेबलावर कागद घेतला.

का? — दगड का हलला? कुणीतरी हलवला म्हणून.

का? — तो आपल्या खोलीजवळ यावा म्हणून.

का? — तिथे खणायला परवानगी मिळू नये म्हणून.

का? — हे घर गेराटीच्या भावाला हवं होतं म्हणून. मॉरीनने सांगितलं होतं, नाही का?

आत्ताच का? — फाटकावर नोटीस लागली म्हणून.

पाचही उत्तरं एकमेकांत खटाखट बसली. कारखान्यात असं बसलं की देवदत्तला संशय येतो. घरी आला नाही.

“ट्रॅक्टर कुणाकडे आहे?” तो म्हणाला.

“गेराटीकडे. पण ट्रॅक्टर सगळ्यांकडेच आहे.”

“टायरचे ठसे कुठून येतात?”

“त्याच्याच शेतातून.”

“मग संपलं.”

नव्या फेरीवर आलेले पद्माकरराव सोफ्यावर मराठी पेपर फोनवर मोठा करून वाचत होते. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं. “काय संपलं?”

“काही नाही बाबा. मागचा गेराटी. त्याने आपल्याला अडवायला दगड हलवलाय.”

“कोन म्हनते?”

“पुरावा म्हणतो.”

“असं,” पद्माकरराव म्हणाले, आणि पेपरात परत शिरले. पण बोट पान सरकवत नव्हतं, हे कौमुदीने पाहिलं. तिला वाटलं, घाबरले. परक्या मुलखात शेजारी उलटला तर कुणीही घाबरेल.

“स्मारक हलवणं गुन्हा आहे इथे,” ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, त्यांना धीर यावा म्हणून. “पोलीस येतात.”

बाबांनी चष्माच काढून ठेवला.

*

नोंद ५
काय आहे : सरदाराचा बुरूज. तीन भिंती, चौथी शेजाऱ्यांच्या गोठ्यात.
कुठे आहे : चर्चच्या वर, टेकाडावर.
शेरा : दाराच्या बरोबर डोक्यावर छतात एक भोक आहे. आत येणारा दारात उभा राहिला की वरचा माणूस त्याला आधी पाहणार, मग ठरवणार, स्वागत करायचं की डोक्यावर दगड टाकायचा. खिडक्या हाताच्या पंजाएवढ्या. सगळ्या शेजाऱ्यांच्या दिशेने.

सोमवारी कौमुदी मॉरीनबाईंना तिथेच गाठायला गेली. बाई गवतात काठी खुपसत उभ्या होत्या.

“ओवेन गेराटी?” त्या म्हणाल्या. “त्याच्या घराण्याचं आणि या दगडांचं जुनं आहे. इथे हद्दीला आम्ही मेअरिंग म्हणतो. मेअरिंगचा दगड हलवणारा मेल्यावरही तो उचलून फिरत राहतो, असं माझी आजी सांगायची. म्हणून कुणी हात लावत नाही. लावला तर मोठ्या कारणाने.”

“माझी खोली हे मोठं कारण असेल?”

मॉरीनबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “एक सांगू? तूच मोजतेस आणि तूच बांधतेस. गावात लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

“सप्टेंबरमध्ये तू म्हणालीस दगड लांब आहे. आता म्हणतेस जवळ आलाय. लोक म्हणतात, दोन्हींतलं एक तुझ्या सोयीचं आहे.”

कौमुदीची कानशिलं तापली. म्हणजे हरकतीची वाट बघत बसायचीही गरज नव्हती. गावाच्या लेखी चोर तीच होती.

“आणि नीट बघून ठेव,” काठीने वाट दाखवत बाई म्हणाल्या. “एखाद्याचं वाईट व्हावं असं वाटलं तर इथले लोक पूर्वी त्याच्या जमिनीत काहीतरी पुरायचे. अंडी, मांस, काहीबाही. पिशोग म्हणायचे त्याला. आता कुणी करत नाही.” मग थोडं थांबून, “फारसं.”

*

मंगळवारी दुपारी घरूनच काम करत असताना कौमुदी खुरपं घेऊन कुंपणाशी गेली. बाबा फिरायला गेले होते. हल्ली रोज अकरा ते एक जायचे. कुठे, विचारलं तर म्हणायचे, “हवा खाऊन राह्यलो.”

दगडाच्या बुडाची माती अजून मऊ होती. वीतभर उकरली आणि खुरपं कशावर तरी खरखरलं.

कोळसा. मूठ-दोन मुठी. चुकून सांडलेला नव्हे. नीट, गोल, हाताने रचलेला थर. त्याखाली फुटक्या चिनीमातीचे तुकडे, पांढरे, निळ्या कडेचे. तेही पालथे घालून मांडलेले.

ती मागे सरकली. अकोल्यात चौकात लिंबू-कुंकू दिसलं की आई हात धरून वळसा घालायला लावायची. तेव्हा ती हसायची. आता इथे, स्वतःच्या अर्ध्या एकरात, तिला वळसा घालायलाही जागा नव्हती. तिने फोटो काढले, माती परत लोटली, हात तीनदा धुतले.

रात्रीच्या स्वयंपाकाला देवदत्त कांदा चिरत होता. फोटो पाहून तो म्हणाला, “आपल्याकडे होता ना असा कप? निळ्या कडेचा. कपाटात मागे.”

“अशा कपांनी अख्खं आयर्लंड भरलंय.”

“बरोबर. पण तो दिसत नाही बरेच दिवस.”

“देवदत्त, गेराटी आपल्या कपाटातला कप चोरायला येईल का?”

“घर कधी उघडं असतं?” त्याने विचारलं. तो खरंच विचार करत होता. “अकरा ते एक. तू हेडफोन लावून मीटिंगमध्ये. बाबा बाहेर.”

मग कौमुदी उठली आणि मागच्या दाराला आतून कडी लावली. या घरात वर्षभरात पहिल्यांदा.

*

मसुदा
प्रति, अध्यक्ष, वारसा मंडळ

आदरणीय मॉरीन,
~~मी हे रागाच्या भरात लिहीत नाही.~~
~~श्री. ओवेन गेराटी यांनी जाणूनबुजून~~
~~श्री. गेराटी यांनी बहुधा~~
नोंद नऊमधील दगड १८ सप्टेंबर ते ११ एप्रिल या काळात एकेचाळीस मीटर हलवण्यात आला आहे. ट्रॅक्टरच्या खुणा श्री. गेराटी यांच्या शेतातून येतात. दगडाखाली काही वस्तू पुरलेल्या आढळल्या. ~~आम्ही परके आहोत म्हणून~~ ~~आम्ही परके असलो तरी~~
गुरुवारच्या सभेत हा विषय घ्यावा. दगड मूळ जागी परत ठेवावा आणि नोंद सप्टेंबरप्रमाणे कायम करावी.
~~माझ्या वडिलांना~~

कळावे,
कौमुदी

*

बुधवारी तिने मीटिंग मध्येच सोडली आणि खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या वळणावर, गेराटीच्या फाटकाशी, दोन म्हातारे उभे होते. एक साडेसहा फुटी, टोपी मागे सरकवलेली. दुसरा माकडटोपीतला, तिचा बाप. गेराटी हातवारे करत होता. बाबा मान डोलवत होते. मग गेराटीने त्यांच्या हातात काहीतरी दिलं आणि ते त्यांनी स्वेटरच्या आत सरकवलं.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या गेराटीशी काय बोलत होता?”

“कोन? तो? हवामान. म्हने पाऊस येते.”

“आणि दिलं काय त्याने तुम्हाला?”

पद्माकरराव भाकरीचा तुकडा मोडत राहिले. “पोरी, तू पोलीस खात्यात कधी लागली वं?”

“बाबा, तो तुमच्याकडून काढून घेतोय. आपण कधी घरी असतो, नकाशा कसा आहे. तुम्हाला इंग्रजी नीट येत नाही, तुम्ही मान डोलावता, तो समजतो हो म्हणालात. उद्यापासून तिकडे जायचं नाही.”

सदतीस वर्षांच्या मुलीने बापाला असं सांगितलं, आणि बापाने ते ऐकून घेतलं. त्यानेच तिला जास्त अस्वस्थ केलं. पद्माकरराव ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते.

“उद्या सभा हाय ना तुयी?” ते एवढंच म्हणाले. “मी येतो.”

*

गुरुवार, संध्याकाळी सात. बाहेर लख्ख उजेड. सभागृहात वीसेक माणसं, चहाची मोठी किटली, बिस्किटं. मॉरीनबाईंनी नोंद एक ते आठ पंधरा मिनिटांत उरकल्या. मग चष्मा सावरला. “नोंद नऊ. कौमुदीचं पत्र आहे.”

त्यांनी पत्र वाचलं. खोडलेलं सोडून. खोलीत एकदम कुणी चमचा हलवेना.

“ओवेन,” मॉरीनबाई म्हणाल्या, “दगड तू हलवलास?”

गेराटी मागच्या रांगेत टोपी हातात घेऊन बसला होता. “हलवला.”

“का?”

“चुकीच्या जागी होता.”

“हे तुला कधी कळलं?”

“मला कायमच ठाऊक होतं,” गेराटी म्हणाला, आणि त्याचं लाल तोंड आणखी लाल झालं.

कौमुदी उभी राहिली. बोलायचं नाही असं ठरवून आली होती. “कायम ठाऊक होतं, आणि आमची नोटीस लागल्यावर आठवलं? आणि खाली पुरलंत ते? कोळसा, फुटका कप? पिशोग घातलंत आमच्यावर?”

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. गेराटीने तिच्याकडे असं पाहिलं जसं तिनेच त्याच्या डोक्यावर भोकातून दगड टाकला.

“ते माझं नाही,” तो हळूच म्हणाला. “बाकी सगळं माझं. पोलिसांना सांगायचं तर माझं नाव सांग. ते मात्र माझं नाही.”

“मग कुणाचं?”

त्याची नजर चुकली, आणि ती कौमुदीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन पडली.

पद्माकरराव उठले. माकडटोपी काढली. घसा साफ केला, आणि तालुका कचेरीत साहेबासमोर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “मॅडम. माय सेल्फ पद्माकर. रिटायर्ड सर्व्हेअर. लँड रेकॉर्ड्स, अकोला डिस्ट्रिक्ट. थर्टी-एट इयर्स. स्टोन, आय हॅव डन. स्टोन इज नाऊ करेक्ट.”

मग त्यांचं इंग्रजी संपलं. ते मुलीकडे वळले. “तू सांग त्याइले. मी बोलतो.”

कौमुदीने त्यांची बाही ओढली. “बाबा, बसा खाली.”

“सांग. तुया टेबलावर जुना नकाशा पडला होता. त्यावर चर्चचा कोपरा हाय, पुलाचा कठडा हाय. दोन्ही अजून जागच्या जागी. म्या दोन्हीकडून माप काढलं. त्याइची मोजनीची साखळी सहासष्ट फुटाची, आपली तेहतीस. दोन आपल्या, एक त्याइची. हिशोब सोपा. दगड फाटकापाशी येतच नाही. कसाही मोज, तो तुया कुंपनावरच येते.”

सभागृह वाट पाहत होतं. या खोलीत मराठी कळणारी फक्त तीन माणसं होती. त्यातला एक बोलत होता, दुसरा तोंडावर हात ठेवून बसला होता. तिसरी कौमुदी. म्हातारे गोंधळलेत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. आईच्या जाण्याने असं झालंय त्यांना. कुणी विचारलंही नसतं. उलट चहा आणून दिला असता.

देवदत्तने तिच्याकडे पाहिलं. तोही तेच म्हणत होता, न बोलता: सांगू नकोस.

तिने सांगितलं. चर्चचा कोपरा, पुलाचा कठडा, सहासष्ट फूट, तेहतीस फूट. वाक्य वाक्य करून. मध्ये एकदा थांबली, पाणी प्यायली, आणि पुढचं वाक्य सांगितलं.

“अन् त्या मानसाले बोल लावू नको,” बाबा म्हणाले. “म्या दगड दाखवला, नकाशा दाखवला. तो मानूस रडला, पोरी. म्हने त्याच्या बापानं शेत सपाट करताना ओढून फाटकापाशी टाकला, पन्नास वर्सं झाली. बाप मरताना बोलला त्याले. तवापासून तो रोज त्या दगडाजवळून गाई नेते. मी म्हनलं, आन ट्रॅक्टर.”

“हे तुम्हाला त्याने कुठल्या भाषेत सांगितलं?”

“हातानं सांगितलं. तुले नाही कळनार.”

तिने तेही भाषांतर केलं. सभागृहात एका बाईने नाक शिंकरलं. गेराटी टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

“आणि कोळसा?” मॉरीनबाईंनी विचारलं. मुख्याध्यापिकेच्या आवाजात.

पद्माकररावांनी हे भाषांतराशिवाय ओळखलं. “विटनेस,” ते म्हणाले. आणि मग मुलीला: “दगड कोनीबी हलवते. पन खाली कोळसा अन् खापऱ्या पुरल्या का ते नाही हलवत कोनी, कारन कोनाले माहीतच नसते. कोळसा सडत नाही. शंभर वर्सांनी कोनी भांडलं तं खनून पाहा. माया पहिल्या साहेबानं शिकवलं होतं. तुयाकडं मातीचं भांडं नव्हतं, म्हनून कप फोडला. कोळसा त्या तुमच्या अंगनातल्या शेगडीचा.”

देवदत्तने डोळे मिटले.

“पुरातन दगड परवानगीशिवाय हलवलात,” मॉरीनबाई सावकाश म्हणाल्या. “दोघांनीही. हे मला वर कळवावं लागेल. ते काय म्हणतील मला ठाऊक नाही.” त्यांनी कोरी नोंद आणि पेन टेबलावरून कौमुदीकडे सरकवलं. “पण पुस्तिका आज जाते. मोजणी तुझी. सप्टेंबरची जागा लिहिलीस तर खोटी नाही. तिथे तो पन्नास वर्षं पडला होता, आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आजची लिहिलीस तर तीही खोटी नाही. सही तुझी आहे.”

म्हणजे दार उघडं होतं. मॉरीनबाईंनी मुद्दाम उघडं ठेवलं होतं की तिची परीक्षा पाहत होत्या, हे कौमुदीला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

सप्टेंबर लिहिलं तर खोली. खोली असेल तर अर्ज. अर्ज असेल तर बाबा पहाटे पाचला उठून दिवा लावू शकतील.

तिने विचारलं, “बाबा. किती चूक असेल तुमच्या मापात? खरं सांगा.”

त्यांनी विचार केला. खराखुरा, ओठ हलवत. “साखळीतला एखादा आना. दोन फूट, इकडं नाहीतं तिकडं. जास्त नाही.”

दोन फूट. सहा मीटरमधून दोन फूट. तेवढ्याने खोली वाचणार नव्हती.

नोंद ९
कुठे आहे : बंगल्यामागचं कुंपण. (५३.

पेन थांबलं. मग अक्षांशाचे पुढचे आकडे. फोनवरून, एकेक करून. खाली, ‘कोणी पाहिला’समोर, तिने तीन नावं लिहिली: तिचं, ओवेन गेराटींचं, आणि वडिलांचं.

*

परतताना गाडी देवदत्त चालवत होता.

“सोमवारी अर्जाला दुरुस्ती जोडावी लागेल,” देवदत्त म्हणाला. “ते पुढची माहिती मागतील. वर्ष जाईल. कदाचित नाहीच म्हणतील.”

“माहीत आहे.”

कौमुदीने आरशात पाहिलं. मागे बाबा खिडकीबाहेर बघत होते. आठवडाभर सगळ्यांवर घेतलेला संशय आता एकाच माणसापाशी येऊन थांबला होता, आणि तो तिथून हलेना.

“बाबा, टेबलावर जुना नकाशा होता. त्याच्या शेजारी खोलीचाही होता.”

“होता.”

“पाहिलात?”

“पाह्यला. न्हानीचं दार उलटं उघडते त्यात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दगड तिथे गेला की खोली जाणार.”

“माहीत होतं.”

देवदत्तने गाडीचा वेग कमी केला.

“तुम्हाला इथे राहायचंच नाही,” ती म्हणाली. “सरळ सांगायचं होतंत. दगड कशाला उचलायचा?”

पद्माकररावांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “अडोतीस वर्सं मी लोकाइच्या अंगनातून हद्द नेली. कोनाचा गोठा गेला, कोनाची विहीर गेली. एका बाईनं माया पायावर डोकं आपटलं, म्हने अर्धा हात सरकव, साहेब. नाही सरकवला. घरी येऊन जेवलो नाही, पन सरकवला नाही. आता माया खोलीपाशी हद्द आली तं टेप सैल धरू? मंग ती बाई काय वाईट होती?”

“हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.”

“नाही,” त्यांनी कबूल केलं.

गाडी फाटकापाशी थांबली. नोटीस अजून तिथेच होती, प्लॅस्टिकच्या आत पाण्याचे थेंब धरून. पद्माकररावांनी उतरायच्या आधी स्वेटरमधून घडी घातलेला एक जाड कागद काढला आणि मुलीच्या हातात दिला. बुधवारी गेराटीने दिलेला. त्याच्या घराण्याचा शेताचा नकाशा, कडा झिजलेल्या, मध्ये चहाचा डाग. त्यावर पेन्सिलने चार ठिकाणी गोल केलेले.

“हे काय?”

“त्याच्या अजून चार हद्दी चुकल्या हायेत. बापानं सगळेच दगड ओढले. त्या भल्या मानसाले झोप नाही येत.” ते दार धरून खाली उतरले, गुडघा सरळ करेपर्यंत थांबले. “दोन मी या फेरीत पाहतो. पन हात नाही लावत आता, मॅडमले विचारून. बाकीच्या दोनाले बांधावरची झुडपं वाळली पाहिजेत, म्हंजे ऑक्टोबर. मले ऑक्टोबरात यावंच लागते.”

“सोफ्यावर?” कौमुदीने विचारलं.

“तंबूत झोपलो मी, पोरी, बाळापूर तालुक्यात, विंचू झाडत. सोफा काय.” मग घराकडे पाहून, मोजल्यासारखं: “खोली तू रस्त्याच्या अंगाला काढ.”

“तिथे सांडपाण्याची टाकी आहे, बाबा,” देवदत्त म्हणाला.

“मंग टाकी हलव. टाकीवर रेघ नाही कोरली कोनी.”

ते पुढे गेले. कौमुदी फाटकाशी उभी राहून कागदावरचे चार गोल पाहत राहिली. तिसरा गोल मॉरीन डॅल्टनबाईंच्या बागेच्या आत पडत होता, चांगला दहा-बारा मीटर; म्हणजे खरी हद्द लागली तर बागेचा तेवढा तुकडा गेराटीचा. तिने कागद पुन्हा उलगडून उजेडाकडे धरला. बाईंनी पेन तिच्याकडे का सरकवलं होतं याचा ती परत एकदा, अगदी पहिल्यापासून, विचार करू लागली.